लेखनिक, वाढीव वेळ की संगणक? नागपुरात पदवीची परीक्षा देणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी

हिवाळी परीक्षेचे फॉर्म निघाले की माझा फोन वाजू लागतो. "ताई, लेखनिक मिळेल का?" विचारणारा बहुतेक वेळा बीए किंवा बीकॉमच्या पहिल्या वर्षाला असतो आणि पेपर आठ-दहा दिवसांवर आलेला असतो. मी अकरावीत असल्यापासून लेखनिक म्हणून, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारी म्हणून, बसत आले. आता माझी स्वतःची पदवी झाली, त्यामुळे पदवीच्या मुलांसाठी मी नियमात बसत नाही; विद्यार्थी आणि लेखनिकांच्या जोड्या जुळवून देते. इतक्या वर्षांत एक गोष्ट सतत खटकली. ज्याला दिसत नाही किंवा हाताने लिहिता येत नाही, त्याला सगळे थेट लेखनिकाकडेच पाठवतात. दुसरेही मार्ग आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही.

माझं मत आधीच सांगते. पहिल्या वर्षी लेखनिक घ्या, त्याच वर्षी मराठी टायपिंग शिका आणि दुसऱ्या वर्षापासून वर्णनात्मक पेपर संगणकावर द्या. ज्यांना कमी दिसतं पण लिहिता येतं, त्यांनी लेखनिकाच्या फंदात न पडता वाढीव वेळ मागावा.

हे तिन्ही पर्याय कोणाच्या मेहेरबानीचे नाहीत. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे. २९ ऑगस्ट २०१८ ला केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ब्रेल, संगणक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, इतकंच काय उत्तरं ध्वनिमुद्रित करून देण्याचाही पर्याय आहे. कॉलेजच्या कार्यालयात जाताना या सूचनांची छापील प्रत सोबत ठेवा. तारखेसकट कागद समोर ठेवला की बोलणं पुढे सरकतं, हा माझा अनुभव आहे.

आता लेखनिक. याचा मोठा फायदा म्हणजे तुम्हाला वेगळं काही शिकावं लागत नाही. अभ्यास तोंडपाठ असेल तर सांगायचं आणि समोरच्याने लिहायचं. तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. अडचण आहे ती माणूस मिळण्याची. स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा एक पायरी खाली हवं. त्यामुळे पदवीच्या मुलांना अकरावी-बारावीची मुलं शोधावी लागतात. उन्हाळी परीक्षेला ती मिळतात, कारण बारावीची परीक्षा तोवर आटोपलेली असते. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी घरातून निघायला कोणी तयार झालं की काम झालं. हिवाळी परीक्षेला मात्र त्यांचे स्वतःचे क्लास आणि चाचण्या सुरू असतात. सगळी ओढाताण तेव्हाच होते.

दुसरी अडचण विषयाची. मी विज्ञान शाखेची. एकदा अर्थशास्त्राच्या पेपरला मी ज्याच्यासाठी लिहीत होते तो दादा सांगत होता "सीमांत उपयोगिता" आणि मी पानभर "श्रीमंत उपयोगिता" लिहीत गेले. शेवटी त्याने वाचून दाखवायला सांगितलं तेव्हा चूक सापडली. खोडून पुन्हा लिहिण्यात पाव तास गेला आणि त्याचा शेवटचा प्रश्न अर्धवट राहिला. तो काही बोलला नाही. ते अजून माझ्या मनातून जात नाही. म्हणून लेखनिकाला आधी भेटा. सूचनांनुसार तुम्हाला त्याला दोन दिवस आधी भेटता येतं. त्या भेटीत विषयातले पन्नास-साठ शब्द त्याच्याकडून लिहून घ्या आणि दर अर्ध्या तासाने वाचून दाखवायचं ठरवून टाका. भाषेच्या पेपरला एक आणि अर्थशास्त्राला दुसरा लेखनिक घेण्याचीही मुभा आहे. कार्यालयात हे क्वचितच सांगतात.

नुसता वाढीव वेळ हा सर्वांत साधा पर्याय. लेखनिक न घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यालाही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा देता येतो. अल्पदृष्टी असलेल्यांनी सोबत मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, उजेडाची जागा आणि भिंग मागावं. इथे एक सावधगिरी: चार तास सलग लिहिणं डोळ्यांना आणि हाताला झेपतं का, हे घरी दोन जुने पेपर पूर्ण सोडवून पाहा. तिसऱ्या तासाला अक्षरं नाचायला लागत असतील तर हा मार्ग तुमचा नाही.

संगणक हा सर्वांत कमी वापरला जाणारा पर्याय, आणि माझ्या मते सर्वांत दूरचा विचार करणारा. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ते मराठी वाचतं. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक आयताच असतो. त्यात स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे असल्याने न बघता लिहिणाऱ्याला तो लवकर बसतो. मिनिटाला वीस शब्द जमले की वर्णनात्मक पेपर वाढीव वेळेत आरामात होतो. शुद्धलेखन तुमचं, परिच्छेद तुमचे, मागे जाऊन एखादं वाक्य बदलणंही तुमच्या हातात. पुढे नोकरीत कोणी लेखनिक देणार नाही, तिथे हेच टायपिंग कामाला येतं.

पण तयारी कच्ची असेल तर संगणक दगा देतो. इथल्याच एका कॉलेजात माझ्या ओळखीच्या मुलीला जो संगणक दिला त्यात मराठी आवाज बसवलेलाच नव्हता. पेपर चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला आणि ती आधीच रडवेली झालेली. संगणक एक दिवस आधी तपासून पाहण्याची सोय सूचनांमध्ये आहे, ती अजिबात सोडू नका. आवाज, कळफलक, हेडफोन, प्रिंटर, लाईट गेली तर बॅटरी, सगळं पाहा. प्रश्नपत्रिका छापील येणार असेल तर ती वाचून दाखवायला एक वाचक लागेल, हे अर्जातच लिहा. वाचक आणि स्वतःचं टायपिंग ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. गणित, संख्याशास्त्र किंवा बीकॉमचे खात्यांचे तक्ते असतील तर मात्र लेखनिकच बरा. स्क्रीन रीडरने तक्त्यात फिरताना फार वेळ जातो. ज्या पेपरला कॅल्क्युलेटर चालतो तिथे बोलणारा कॅल्क्युलेटर मागा.

पुस्तकांचं सांगितल्याशिवाय ही तुलना पुरी होणार नाही, कारण वर्षभर वाचायलाच मिळालं नाही तर परीक्षेतल्या सोयींचा काय उपयोग? २०१६ मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाईन ग्रंथालय इंग्रजी आणि हिंदीसाठी चांगलं आहे. नागपूर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची मराठी पुस्तकं मला तिथे क्वचितच मिळाली. मग उरतात दोन वाटा. एक, मोबाईलने पानांचे फोटो काढून त्यांचा मजकूर करायचा. स्वच्छ छपाई असेल तर हे छान होतं, झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून जोडाक्षरांचा चुराडा होतो. दोन, कोणाकडून वाचून ध्वनिमुद्रित करून घ्यायचं. वेळ लागतो, पण समजतं चांगलं. प्राध्यापकांनी पीडीएफ दिली तर खुश होण्याआधी ती उघडून पाहा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली असेल तर स्क्रीन रीडर त्यातून अर्थहीन अक्षरं वाचतो. "सर, युनिकोडमध्ये द्या" एवढंच म्हणा. दिव्यांगांसाठी पुस्तकाचं असं रूपांतर करायला कॉपीराइट कायद्याची २०१२ ची दुरुस्ती परवानगी देते.

कर्णबधिर विद्यार्थ्यांची गरज वेगळी आहे. त्यांची अडचण परीक्षेपेक्षा रोजच्या तासाला जास्त. खुणांच्या भाषेचा दुभाषी मिळाला तर उत्तमच, पण रोजच्या तासाला तो मिळणं कठीण. बोललेलं पडद्यावर उमटवणारं मोबाईल ॲप मराठीत चालतं. पहिल्या बाकावर बसून, शिक्षकांच्या टेबलावर फोन ठेवून ते वापरता येतं. मागे वर्गात गोंगाट असेल तर निम्मं चुकीचं उमटतं, तेव्हा नोट्स देणारा एक मित्र हवाच.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी प्रवेश घेण्याआधी स्वतः जाऊन वर्ग, ग्रंथालय, शौचालय आणि परीक्षेचा हॉल पाहावा. मेट्रोला लिफ्ट आहेत, त्यामुळे सीताबर्डीहून धरमपेठपर्यंत पोचणं पूर्वीपेक्षा सोपं झालं. स्टेशन ते कॉलेजचं फाटक हा शेवटचा तुकडा मात्र खुर्चीवरून स्वतः जाऊन बघा. परीक्षा शक्यतो तळमजल्यावर घ्यावी, हेही सूचनांमध्ये आहे.

कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लागतं. ते नसेल तर आजच ऑनलाईन अर्ज करा आणि मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत तपासणी करून घ्या. अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सी असलेले विद्यार्थी लेखनिक थेट मागू शकतात. बाकीच्यांना लिहिण्यात अडचण असल्याचं जिल्हा शल्यचिकित्सक किंवा वैद्यकीय अधीक्षकांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तुमच्या दिव्यांगत्वाचं प्रमाण चाळीस टक्क्यांपेक्षा कमी असेल आणि कार्यालयाने "तुम्हाला लागू नाही" म्हटलं, तर परत फिरू नका. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार प्रकरणात लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या अटीत अडकवता येणार नाही असं सांगितलं आणि १० ऑगस्ट २०२२ ला त्यासाठी वेगळ्या सूचनाही निघाल्या.

अर्ज प्रवेशाच्या वेळीच, जुलैमध्ये द्या, प्राचार्यांच्या नावे दोन प्रतींत. कोणता पेपर कशावर देणार, वाचक लागेल का, किती वेळ जादा, हे पेपरनिहाय लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. परीक्षा केंद्र दुसऱ्या कॉलेजात आलं तर त्या पोचेची झेरॉक्स केंद्रप्रमुखांना आठवडाभर आधी नेऊन द्या.