सिस्टमरेस्क्यू: फुकटचा पेनड्राइव्ह, पण कोणत्या हार्ड डिस्कला लावायचा?

लग्नसराईत एकाच एक्स्टर्नल डिस्कवर सहा लग्नांचे फोटो, कॉपी चालू, आणि लाइन गेली. लाइन आल्यावर विंडोज विचारतं, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओ असो की आपले सरकार सेवा केंद्र, तक्रार हीच. या घडीला डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. तो उडतो पुढच्या अर्ध्या तासात. कोणी फॉरमॅट मारतो, कोणी चेकडिस्क चालवतो, कोणी क्रॅक केलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून त्याच डिस्कवर टाकतो. चेकडिस्क हे दुरुस्तीचं साधन असलं तरी ते डिस्कवर लिहितं, आणि आजारी डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलंसुरलं पुसणं.

या अर्ध्या तासासाठी सिस्टमरेस्क्यू उपयोगी पडतं. पेनड्राइव्हवरून चालणारी ही लिनक्स प्रणाली आहे. डाउनलोड साधारण एक जीबी, किंमत शून्य. डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क, फोटोरेक आणि स्मार्टसीटीएल ही आपल्या कामाची चारही हत्यारं आत तयार मिळतात, म्हणून कॉम्प्युटरवर काही बसवावं लागत नाही. रुफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्रॅमने चार जीबीच्या पेनड्राइव्हवरही चढतं. विंडोज आजारी डिस्क जोडताक्षणी ती वाचायला धावतं आणि लटकतं. सिस्टमरेस्क्यू आपण सांगेपर्यंत डिस्कला हात लावत नाही, आणि निम्मं मोल त्यातच आहे.

पहिली अडचण सुरू होतानाच येते. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर हा पेनड्राइव्ह उठत नाही, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते बंद करावं लागतं. पण लॅपटॉपमध्ये बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारं विंडोजचं कुलूप) असेल तर त्या बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. की आधी कागदावर उतरवून घ्या, नाहीतर डिस्क वाचवता वाचवता लॅपटॉप कुलूपबंद व्हायचा.

दुसरं काम कानाचं. डिस्क जोडा आणि कान जवळ न्या. सलग बारीक घरघर आली तर तबकडी फिरते आहे, पुढे जा. ठराविक अंतराने टक्-टक् येऊन डिस्क थांबत असेल तर हेडचा (तबकडी वाचणाऱ्या भागाचा) बिघाड समजा. नुसतीच बारीक पीं-पीं येऊन काही फिरत नसेल तर एकतर करंट कमी पडतोय किंवा हेड तबकडीला चिकटलाय. करंटची शंका लगेच फेडता येते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००, आणि अडीच इंची डिस्कला फिरायला लागताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपास लागतो. म्हणून डेस्कटॉपच्या मागचा पोर्ट, आखूड केबल, मधे हब नाही. यूएसबी ३ ची ती रुंद, दोन भागांची पिन लवकर सैल होते. दुसरी केबल नसेल तर जुन्या मोबाइल चार्जरची मायक्रो यूएसबी केबल त्याच सॉकेटच्या मोठ्या भागात बसते. ती डेटाची केबल हवी, नुसती चार्जिंगची नको. वेग यूएसबी २ चा मिळेल, पण केबल खराब की डिस्क याचा निकाल दोन मिनिटांत लागतो. इतकं करूनही टक्-टक् किंवा पीं-पीं राहिली तर डिस्क काढा, हा पेनड्राइव्ह त्या डिस्कसाठी नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला गावोगाव फिरतो. तो ऐकू नका, आत पाणी धरतं.

घरघर ठीक असेल तर स्मार्टसीटीएलने तब्येत बघायची. ओळी बऱ्याच येतात, बघायच्या चार. ५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचायला अडलेले, १९९ म्हणजे केबलच्या चुका, १९४ म्हणजे तापमान. १९७ मध्ये शून्याच्या वर काहीही दिसलं की आधी नक्कल, मग बाकी सगळं.

नक्कल काढायला डीडीरेस्क्यू. या पेनड्राइव्हमधला हाच जीव आहे. साधी कॉपी खराब सेक्टरवर अडते आणि तिथेच डोकं आपटत बसते. डीडीरेस्क्यू अडलेली जागा सोडून पुढे जातं, सोपं ते आधी उचलतं, कठीण जागी नंतर परत येतं. कुठे काय झालं याची नोंद ते नकाशा-फाइलमध्ये ठेवतं. ती फाइल उघडली तर आकड्यांच्या ओळींपुढे चिन्हं दिसतात: अधिक म्हणजे मिळालं, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून बघितलं नाही, वजा म्हणजे खराब. या नकाशामुळेच काम कंट्रोल-सी दाबून थांबवता येतं आणि तीच आज्ञा पुन्हा दिली की राहिलं तिथून सुरू होतं.

भारनियमनाच्या भागात याची किंमत कळते, पण इथेच सर्वांत मोठी खोच आहे. सिस्टमरेस्क्यू रॅममध्ये चालतं. नकाशा-फाइल तुम्ही सहज ‘इथेच’ ठेवली तर लाइन गेली की तीही गेली. ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा जिथे नक्कल उतरते त्या डिस्कवर ठेवा. सोबत बॅटरी शाबूत असलेला लॅपटॉप घ्या आणि त्याचं झाकण लावू नका, तो झोपी जातो. साडेतीन इंची डिस्कला तिचा स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, तो इन्व्हर्टरवर घ्या. पिन बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर बोर्डवरचा संरक्षक डायोड शॉर्ट होतो आणि डिस्क फिरतच नाही.

आज्ञा द्यायच्या त्या इंग्रजी अक्षरांतच. पहिल्या फेरीला वजा-डी आणि वजा-एन हे पर्याय, म्हणजे थेट वाचन, आणि खरवडणं (खराब जागेतून कणकण उचलणं) नंतर. दुसऱ्या फेरीत वजा-एन काढून वजा-आर-३, म्हणजे खराब जागी तीनदा प्रयत्न. आधी स्रोत, मग लक्ष्य, मग नकाशा, हा क्रम पाठ करा. उलटा झाला तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरल्या डिस्कवर होते आणि विषय संपतो. एंटर दाबण्याआधी एलएसबीएलके या आज्ञेने येणाऱ्या डिस्कच्या यादीत आकार, मॉडेल आणि सिरीयल नंबर डिस्कच्या लेबलशी ताडून बघा. एक टीबीची प्रतिमा-फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली नक्कल) फॉरमॅट केलेल्या एक टीबीच्या डिस्कवर मावत नाही, दोन टीबीची घ्या. फुकटच्या पेनड्राइव्हचा खरा खर्च हाच.

वेळेचा हिशोब असा: निरोगी एक टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीने पावणेतीन तासांत होते, यूएसबी २ वर आठ-नऊ तास, आजारी असेल तर दोन दिवसही. पोर्टेबल डिस्कच्या कागदावर बहुधा ३५ अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मेमध्ये दुपारी ४५ च्या वर जातं, म्हणून काम रात्री लावा. पंखा चालेल, कुलरच्या थेट झोतात नको, ती हवा ओली असते. १९४ चा आकडा ५० च्या वर गेला की कंट्रोल-सी दाबून डिस्क थंड होऊ द्या.

मूळ डिस्क आता कपाटात. पुढचं सगळं नकलेवर. विभागणीच (पार्टिशन) हरवली असेल तर टेस्टडिस्क: ॲनलाइझ, मग क्विक सर्च, विभाग सापडला की पी दाबा. फाइलींची नावं दिसली तर तिथूनच सीने कॉपी करून घ्या. नावं, फोल्डर सगळं जसंच्या तसं मिळतं. पडदा मात्र काळा, भाषा इंग्रजी, माउस चालत नाही. पहिल्यांदा बघणारा ‘काहून बावा, हे तर डॉससारखं दिसते’ म्हणणारच.

टेस्टडिस्कला यादी दिसली नाही तर फोटोरेक. ते ४८० हून जास्त प्रकारच्या फाइली ओळखतं, पण नावं आणि फोल्डर परत देत नाही. सहा लग्नं एका ढिगात येतात, एका फोल्डरमध्ये पाचशे अशा हिशोबाने. फाइल ऑप्ट या मेनूत एस दाबून सगळ्या खुणा काढा आणि लागेल तेवढंच निवडा: जेपीजी, कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फोटोंसाठी टिफ, व्हिडिओसाठी एमओव्ही. फोटो बहुधा छान येतात, त्यांची तारीख एक्झिफमध्ये (फोटोच्या आतल्या नोंदीत) शाबूत असल्याने लग्नं वेगळी करता येतात. मोठे व्हिडिओ डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत लिहिलेले असतील तर उघडत नाहीत. इथे पैसे घेणारी सॉफ्टवेअर कधीकधी पुढे जातात, म्हणून फोटोरेकला पूर्ण गुण देता येत नाहीत. डीडीरेस्क्यूला येतात.

डबा उघडून डिस्क थेट साटावर (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्क-जोडणीवर) लावायची घाई करू नका. बऱ्याच अडीच इंची डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट बोर्डवरच असतो, साटा नसतोच. काहींचा बोर्ड पासवर्ड न लावताही डेटा कूटबद्ध करतो, मग बोर्डाशिवाय सगळं न वाचता येणारं दिसतं. बोर्ड बदलायचा तर त्यावरची आठ पायांची रॉम चिपही (त्याच डिस्कच्या खास नोंदी ठेवणारी) हलवावी लागते. हे काम सोल्डरिंगचा सराव असलेल्याचंच.

टक्-टक् करणारी डिस्क नागपूरला किंवा पुण्याला लॅबमध्ये पाठवायची असेल तर दोन गोष्टी लेखी घ्या: तपासणीचे पैसे किती, आणि डेटा मिळाला नाही तर किती. ‘मी उघडून बघतो’ म्हणणाऱ्याकडे स्वच्छ-कक्ष (धूळ नसलेली खोली) आहे का विचारा. कापसाच्या जिनिंगजवळच्या दुकानात उघडलेली डिस्क पुढे कोणीही हातात घेत नाही. नेताना अँटिस्टॅटिक पिशवीत घालून दोन्ही बाजूंनी फोम लावा, आणि एसटीत डिक्कीत न टाकता मांडीवर ठेवा.