पाथलिब: पाथ जोडायला उत्तम, पण सगळे फरक झाकत नाही

विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस, तिन्हींवर एकच पायथन कोड चालवायचा असेल, तर फाइलींच्या पाथसाठी, म्हणजे फाइल कुठे आहे हे सांगणाऱ्या पत्त्यासाठी, पाथलिबच वापरा. २०१४ साली पायथन ३.४ बरोबर आलेलं हे मॉड्यूल वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. भागाकाराचं चिन्ह वापरून फोल्डर आणि फाइलनाव जोडलं की विंडोजवर बॅकस्लॅश आपोआप येतो. ओएस कुठली हे तपासणाऱ्या अटी कोडभर पेराव्या लागत नाहीत. एवढ्यासाठी तरी पाथलिबला पूर्ण गुण.

मात्र ते पाथ लिहिण्यातला फरक मिटवतं, सिस्टीमच्या वागण्यातला नाही. फाइलचं नाव बदलणारं रिनेम घ्या. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, तर लिनक्स आणि मॅकवर ती निमूट पुसून तिच्या जागी नवी येते. विंडोजवर फाइलएक्झिस्ट्सएरर येते. म्हणून आधी तात्पुरती फाइल लिहून मग रिनेम करणारं, लिनक्सवर बिनतक्रार चालणारं सेव्हचं फंक्शन विंडोजवर दुसऱ्या सेव्हला कोसळतं. पहिल्या वेळी जुनी फाइल नसतेच, त्यामुळे चूक चाचणीतही सुटते. इथे रिप्लेस वापरा, ते सगळीकडे जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवतं: तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये लिहा, बंद करा, मग रिप्लेस करा. बंद करायची राहिली तर विंडोज पर्मिशनएरर देतं. तात्पुरती फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवली तर रिप्लेसही चालत नाही; तिथे पायथनच्याच शटिल मॉड्यूलचं मूव्ह लागतं.

फाइलमध्ये मजकूर लिहिणाऱ्या राइटटेक्स्टला एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये बदलायची पद्धत) दिलं नाही, तर पायथन ३.१४ पर्यंत विंडोजवर सहसा तिथलं कोड पेज, म्हणजे त्या सिस्टीमचं जुनं एन्कोडिंग, लागू होतं. ते १२५२ असेल तर देवनागरीचं पहिलंच अक्षर युनिकोडएन्कोडएरर देतं. प्रत्येक वेळी यूटीएफ-८ स्पष्ट लिहा, आळस नको. ओळीच्या शेवटाचंही तेच. विंडोजवर लिहिलेल्या शेल स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे जादा अदृश्य चिन्ह शिरतं आणि लिनक्सला पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) सापडत नाही. ओळीचा शेवट कसा लिहायचा हे ठरवणारा न्यूलाइन हा पॅरामीटर राइटटेक्स्टला ३.१० पासून मिळाला. त्याआधीच्या आवृत्तीत ओपन वापरा.

मॅकवर लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ राहतोच: फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असलेली दोन नावं डिस्क सहसा एकच मानते, पाथलिब वेगळी.

पाथलिबमधला प्युअरविंडोजपाथ हा क्लास ही मला सगळ्यात आवडलेली सोय. विंडोजचे पाथ कसे तुटतील, जुळतील हे लिनक्सवर बसून तपासता येतं. तो क्लास डिस्कला हात लावत नाही, त्यामुळे रिनेम आणि उघड्या फाइलींच्या चाचण्या खऱ्या विंडोजवरच चालवाव्या लागतात.