सदरमधली मालवणी खानावळ, खेकड्यासाठी नक्की जा

नागपुरात रोहू-कतला कुठंही भेटते पण खाडीचा खेकडा भेटणं अवघडच, इथं भेटला न दिल खुश झाला. नांगी फोडली तर आत गोडसर मांस भरगच्च, रस्सा जरा जास्त तिखट वाटला. मालक सांगत होते की माल सिंधुदुर्गाच्या खाडीतून येते आणि अंडीवाली मादी ते घेतच नाहीत, हे लय आवडलं. हा खेकडा कांदळवनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटी झाडांच्या, चिखलात बिळं करून राहतो, गळलेली पानं कुजून कोळंबी न माशांच्या पिल्लांचं खाणं तयार होते, मुळांच्या जाळीत मोठे मासे सहज शिरत नाहीत म्हणून पिल्लं वाचतात, ही तिवरं (खारफुटीची झाडं) तोडली तर जिताडा मासा, कोळंबी सगळंच घटणार ना! रविवारी गर्दी असते, आधी फोन करा.