‘किंग्ज ऑफ वॉर’, तिसरी आवृत्ती : वापरानंतरचा अनुभव

मिनिएचर सैनिकांच्या लढाईचा ‘किंग्ज ऑफ वॉर’ हा खेळ घेण्याचा विचार करत असाल, तर एक गोष्ट आधीच सांगतो. या खेळात फासे ओंजळभर टाकावे लागतात, पण हल्ला कितपत यशस्वी होणार हे बहुतेक वेळा फासे हातात घेण्यापूर्वीच, तुकड्या कुठे आणि कोणत्या तोंडाने उभ्या केल्या यावरून ठरलेले असते. आणि असे असूनही दोन तोडीस तोड सैन्यांमधला डाव शेवटच्या पाळीपर्यंत हातात येत नाही. गेल्या गणपतीपासून मी आणि माझा मेहुणा पुण्यात हा खेळ खेळतो आहोत. माझ्याकडे ड्वार्फ म्हणजे बुटक्या योद्ध्यांचे सैन्य आहे, त्याच्याकडे अनडेड, म्हणजे सांगाडे, पिशाच आणि लांडगेमानव. नवलाई ओसरली असल्यामुळे आता त्याबद्दल थोडे तटस्थपणे लिहिता येईल असे वाटते.

हा खेळ इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या मँटिक गेम्स या कंपनीचा. मूळ नियम अलेसिओ कावातोरे यांचे, आणि ते पूर्वी त्याच शहरातल्या गेम्स वर्कशॉप या युद्धखेळांच्या कंपनीत होते. दुसरी आवृत्ती २०१५ साली आली आणि मी वापरतो ती तिसरी २०१९ साली. २०१५ हे वर्ष महत्त्वाचे आहे, कारण त्याच वर्षी गेम्स वर्कशॉपने १९८३ पासून चालत आलेला ‘वॉरहॅमर फँटसी बॅटल’ हा रांगांत लढणाऱ्या सैन्यांचा खेळ थांबवून त्याच्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ आणला. रांगेत उभे राहणारे सैन्य वर्षानुवर्षे रंगवून कपाटात ठेवलेल्या कित्येकांनी तेव्हा ‘किंग्ज ऑफ वॉर’चा आसरा घेतला. २०२४ साली ‘द ओल्ड वर्ल्ड’च्या रूपाने जुन्या वळणाचा वॉरहॅमर परत आला असला, तरी दरम्यानच्या काळात या खेळाला स्वतःचा चाहतावर्ग मिळाला होता. कोणत्याही कंपनीचे पुतळे चालतात ही या खेळाची मोकळीक आपल्याकडच्या खेळाडूंना फार उपयोगी पडते, कारण परदेशातून खोकी मागवायची म्हटले की टपालखर्च आणि आयात शुल्क मिळून किंमत भलतीच चढते.

खेळाचा एकक एकटा सैनिक नसून तुकडी आहे. पायदळाची वीस जणांची रेजिमेंट १०० बाय ८० मिलिमीटरच्या एकाच पाटावर उभी राहते, चाळीस जणांची होर्ड २०० बाय ८० वर, आणि दहा स्वारांची घोडदळाची रेजिमेंट १२५ बाय १०० वर. तुकडीतला कोणीही पुतळा मेला म्हणून उचलायचा नसतो. जितके घाव लागले तितके ठोकळे तुकडीशेजारी ठेवायचे, आणि दरवेळी एकच प्रश्न विचारायचा : एवढे सोसून ही तुकडी उभी राहते, डळमळते, की तिचा मोड होतो?

त्या प्रश्नाचे उत्तर ज्या पद्धतीने मिळते, तो या खेळाचा गाभा आहे. माझ्या आयर्नक्लॅड म्हणजे ड्वार्फ पायदळाच्या रेजिमेंटचे मनोधैर्य १४/१६ असे लिहिलेले असते. समजा, हातघाई संपल्यावर तिच्यावर ७ घाव जमले. प्रतिस्पर्धी दोन फासे टाकतो आणि त्यांच्या बेरजेत हे ७ मिळवतो. एकूण १४ किंवा १५ झाले तर तुकडी डळमळते, म्हणजे माझ्या पुढच्या पाळीत तिला चढाई करता येत नाही. १६ किंवा अधिक झाले तर तिचा मोड होऊन ती टेबलावरून जाते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १५ मध्ये ती ठाम राहते, ११ मध्ये डळमळते आणि १० मध्ये मोडते. शेजारी ६ इंचांच्या आत स्फूर्ती देणारा वीर किंवा निशाणधारी असेल, तर मोडाचा निकाल आल्यावर प्रतिस्पर्ध्याला फासे पुन्हा टाकावे लागतात, आणि तुकडी जाण्याची शक्यता २८ टक्क्यांवरून एकदम ८ टक्क्यांखाली येते. निशाणधारी स्वतः जेमतेम लढतो, पण आमच्या डावांत सर्वाधिक मोजमाप होते ते त्याच्याच अवतीभोवती.

घाव किती होणार हे मात्र दिशेवर ठरते. बारा हल्ले, म्हणजे बारा फासे, असलेली रेजिमेंट फाशावर ४ किंवा अधिक पडल्यास नेम साधत असेल आणि समोरच्या चिलखतातून घाव व्हायला पुन्हा ५ किंवा अधिक लागत असेल, तर आघाडीवरून सरासरी २ घाव होतात. तीच रेजिमेंट बगलेवर आदळली तर हल्ले दुप्पट होऊन ४, आणि पिछाडीवर तिप्पट होऊन ६ घाव. त्यामुळे मधली फळी जितकी भक्कम, तितकीच तिच्या टोकांची काळजी मोठी. अंतरे केव्हाही आणि कितीही वेळा मोजण्याची परवानगी असल्याने ‘अंदाज हुकला’ ही सबब कोणालाच देता येत नाही. ड्वार्फ एका पाळीत ४ इंच चालतात आणि चढाईत ८ इंच जातात. हे दोघांनाही ठाऊक असते आणि टेपही दोघांच्या हातात असतो.

याच ठिकाणी ही दोन सैन्ये एकमेकांशी रंगतदार भिडतात. ड्वार्फ मंद, चिवट आणि हट्टी असतात. डळमळलेली ड्वार्फ तुकडी आपल्या पाळीच्या सुरुवातीला फाशावर ३ किंवा अधिक पडल्यास लगेच सावरते. सांगाडे तर डळमळतच नाहीत. त्यांच्या मनोधैर्याला एकच आकडा असतो. ते उभे असतात किंवा नसतात. शिवाय त्यांच्या मांत्रिकाकडे ‘सर्ज’ नावाचा मंत्र आहे : चार किंवा वर पडलेल्या प्रत्येक फाशामागे सांगाड्यांची तुकडी सरळ रेषेत एक इंच पुढे ढकलली जाते, आणि त्या रेट्यात ती शत्रूला भिडली तर तिची चढाई मानली जाते. ड्वार्फांच्या भिंतीला फट पाडण्याचे हे फार नेमके हत्यार आहे.

फेब्रुवारीतला आमचा एक डाव त्यासाठी सांगण्याजोगा आहे. ‘डॉमिनेट’ या प्रकारात टेबलाच्या मध्यबिंदूपासून १२ इंचांच्या आत ज्याच्या तुकड्यांचे एकूण बळ शेवटी अधिक, तो जिंकतो. मी मधोमध आयर्नक्लॅडच्या रेजिमेंट लावल्या होत्या, टेकाडावर तोफ आणि उजव्या टोकाला अवाढव्य बिज्जूंवर स्वार झालेले ब्रॉक रायडर. चौथ्या पाळीत लांडगेमानवांनी माझी डावी रेजिमेंट समोरून अडकवून धरली, आणि सांगाड्यांची एक रेजिमेंट तिच्या शेजारून शांतपणे चालत येऊन काटकोनात उभी राहिली. पाळीच्या सुरुवातीला ती माझ्या आघाडीच्या पट्ट्यात होती, त्यामुळे तिने साधी चढाई केली असती तर ती समोरूनच धरली गेली असती. चालून झाल्यावर मात्र ती बगलेच्या पट्ट्यात आली होती आणि मध्ये ४ इंच उरले होते. मांत्रिकाच्या फाशांनी ते भरून काढले, हल्ले दुप्पट झाले आणि डावी फळी गेली. हा डावपेच मला पाळीभर आधी दिसत होता. पण तिकडे तोंड वळवावे तर लांडगेमानवांना बगल मिळत होती. असा दुहेरी पेच टाकला गेला की आपण हरत असलो तरी खेळ किती चांगला बेतला आहे हे कबूल करावेच लागते.

पुढच्या दोन पाळ्या ब्रॉक रायडरना वळसा घालून पलीकडे नेण्यात गेल्या. सहावी पाळी संपली तेव्हा मध्यभागी त्याची सांगाड्यांची होर्ड आणि माझी आयर्नक्लॅडची रेजिमेंट एकमेकांना भिडून उभ्या होत्या. सहाव्या पाळीनंतर एक फासा टाकायचा असतो. तो ४ किंवा अधिक पडला तर सातवी पाळी मिळते. चार पडले. मी नंतर खेळणारा असल्याने शेवटचा शब्द माझा होता. समोरून आयर्नक्लॅड आणि पिछाडीवर ब्रॉक रायडर असा दोन्हीकडून हल्ला करून घाव मोजले, तेव्हा त्या होर्डचा मोड व्हायला दोन फाशांवर ६ पुरेसे होते. पडले ९. मी हात पुढे करून होर्ड उचलणार तोच मेहुणा म्हणाला, “भावोजी, आधी निशाण मोजा.” मोजले : पावणेसहा इंच. पुन्हा फासे टाकले आणि ५ पडले. एका तुकडीच्या फरकाने डाव त्याचा झाला. दोन फाशांवर ६ किंवा अधिक पडण्याची शक्यता ७२ टक्के असते, पण तेच दोनदा लागोपाठ पडण्याची ५२ टक्के. हातातला वाटणारा डाव एका निशाणधाऱ्यामुळे नाणेफेकीच्या बरोबरीला आला होता. तोफेचे शेवटचे दोन गोळे होर्डऐवजी त्या निशाणधाऱ्यावर खर्च करावेत का, यावर आम्ही अजून वाद घालतो.

आता साहित्याबद्दल. पूर्ण डावाला ६ बाय ४ फुटांचे टेबल लागते. आठ बाय चारचा प्लायवुडचा तक्ता आणून दोन फूट कापून घेतला की नेमके माप मिळते आणि उरलेल्या तुकड्यातून टेकाडे होतात. तुकड्यांचे पाट मी नावाच्या पाट्या कापणाऱ्या लेझरवाल्याकडून एमडीएफमध्ये कापून घेतले. त्यावर फेविकॉल आणि चाळलेली वाळू पसरली की जमीन तयार. पाटावर वीसच्या वीस पुतळे कोंबायची सक्ती नाही. निम्म्याहून थोडे अधिक असले तरी तुकडी ग्राह्य धरतात, त्यामुळे मधल्या जागेत एखादा खडक, मोडका भाला किंवा थडगे लावता येते. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मात्र मारू नये. दमट हवेत तो पुतळ्यावर पांढरट भुकटीसारखा बसतो आणि चेहऱ्यावरचे बारकावे बुजतात. ब्रशने लावायचा प्रायमर वेळखाऊ असला तरी खात्रीचा. मी भाले मागवले तेव्हा एका विक्रेत्याकडून आलेल्या खोक्यात निम्मे मोडलेले निघाले आणि पत्रव्यवहाराला उत्तर आले नाही. तेव्हापासून परदेशातून फक्त साच्यात सपाट बसलेले सुटे भागच मागवतो.

तक्रारी आहेत, आणि काही मूळच्याच आहेत. ज्याची पाळी तोच मारतो. हल्ला झालेली तुकडी त्या वेळी उलट वार करत नाही, तिने आपल्या पाळीची वाट पाहायची. डाव यामुळे वेगवान होतो, आणि स्पर्धांमध्ये बुद्धिबळाचे घड्याळ लावता येते तेही यामुळेच. पण प्रतिस्पर्धी लांबलचक पाळी खेळत असताना आपल्या हातात चहाच्या कपाशिवाय काही नसते. जादू तर फारच आखडती आहे : मोजके मंत्र, तेही फाशांच्या साध्या हिशेबावर. अद्भुत जगाच्या नावाखाली काही तरी अचाट घडावे अशी ज्यांची अपेक्षा असते, त्यांना हा खेळ कोरडा वाटेल. वीरांचेही तसेच. माझ्या राजाला मी पंधरवडाभर रंगवले, त्याच्या दाढीत सोनेरी कड्या घातल्या, आणि डावात त्याचे मुख्य काम शेजाऱ्यांना ६ इंचांपर्यंत धीर देणे एवढेच ठरले. कोपऱ्याला कोपरा टेकवून तुकड्या जुळवताना मिलिमीटरवरून होणारी घासाघीसही कंटाळवाणी आहे. समोरचा माणूस समंजस नसेल, तर हे नियम पुरे पडणार नाहीत.

मला स्वतःला ही कोरडी बाजू खटकत नाही, कारण एवढ्या कमी नियमांत एवढा अटीतटीचा सामना मी दुसऱ्या युद्धखेळात पाहिलेला नाही. वॉरहॅमरच्या जाडजूड पुस्तकांवर वाढलेल्याला मात्र चार डाव खेळल्याशिवाय यातली गोडी कळणार नाही, आणि ज्याला एकेका पुतळ्याची कहाणी हवी असते, त्याने थोड्या सैनिकांचा एखादा छोटा खेळ घ्यावा.

घ्यायचेच असेल तर सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. मूळ नियमांची फुकट आवृत्ती मँटिकने स्वतःच उपलब्ध करून दिली आहे. जुन्या खोक्यांचा पुठ्ठा १०० बाय ८० मापात कापा, त्यावर रेजिमेंटची नावे आणि बाण काढून आघाडी कोणती ते दाखवा, आणि साधारण १००० गुणांचे (प्रत्येक तुकडीची किंमत गुणांत ठरलेली असते) दोन-तीन डाव खेळा. २००० ते २३०० गुणांचे पूर्ण सैन्य रंगवायला महिने जातात, त्यामुळे आपले सैन्य कोणते हे पुठ्ठ्यावरच ठरलेले बरे. मेहुण्याने असेच खेळून बघताना सुरुवातीला एल्फांचे सैन्य घेतले होते. तिसऱ्या डावानंतर त्याने पुठ्ठ्यावरचे नाव खोडून ‘सांगाडे’ लिहिले.