यरुशलेमची पद्धत की पौलाची? सुरुवातीच्या चर्चमधलं दान

यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांची पद्धत म्हणजे सगळं एकत्र. बर्णबानं शेत विकलं आणि पैसे सरळ आणून प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांच्या, पायाशी ठेवले, त्यातून ज्याला जशी गरज तसं वाटप. सक्ती नव्हती बरं का, हनन्या नावाच्या एकानं जमीन विकून थोडे पैसे लपवले आणि सगळे दिल्याचा आव आणला, तेव्हा प्रेषितांपैकी पेत्र त्याला स्पष्ट म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते, मग खोटं कशाला बोललास?

पण शेत एकदाच विकता येतं ना. शिवाय वाटपावरून कुरबुर झालीच, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय म्हणून, मग त्यासाठी सात माणसं नेमावी लागली.

गावोगावी फिरून ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, उभ्या करणाऱ्या पौलाचं गणित वेगळं. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना तो पत्रात सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं कमाईप्रमाणे थोडं बाजूला काढून ठेवा, मी आल्यावर धावपळ नको. एकदम भिशीसारखं, फक्त नंबर आपला कधीच लागणार नाही 😄 पैसा जाणार होता यरुशलेमच्याच गरिबांना, आणि तो न्यायला मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. उत्तर ग्रीसकडच्या मासेदोनियातले ख्रिस्ती लोक तर स्वतः कंगाल असून ऐपतीबाहेर दिलं त्यांनी.

मला पौलाचीच पद्धत जास्त टिकाऊ वाटते. इसवी सन 197 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहितो तेव्हाही महिन्याला ऐपतीप्रमाणे, मर्जीनं देणं चालूच होतं, आणि खर्च कशावर तर गरिबांचं दफन, अनाथ मुलं, म्हातारे नोकर, जहाज फुटून उघड्यावर आलेले लोक.