एच४ रिले वायरिंग किट: खड्ड्यात लुकलुकणारा हेडलाइट यानं थांबतो का?

गाडी खड्ड्यात आदळली की हेडलाइट क्षणभर मंदावतो, कधी पूर्ण जातो आणि परत येतो. ही तक्रार घेऊन गेलात की दुकानदार बहुतेक वेळा एकच वस्तू काउंटरवर ठेवतो: दोन रिले (लहान प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच), फ्यूज, दोन सिरॅमिक होल्डर आणि जाड वायर असलेलं, एच४ बल्बसाठीचं (लो आणि हाय दोन्ही फिलामेंट एकाच बल्बात) तयार किट. वस्तू कामाची आहे. पण ती बॅटरीपासून बल्बपर्यंतचा रस्ता तेवढा नवा करते. लूज काँटॅक्ट त्या रस्त्यावर नसेल तर किट बसवूनही लाइट तसाच लुकलुकेल, वर बॉनेटखाली सहा-आठ नवे जोड वाढतील ते वेगळेच.

त्यामुळे पाकीट फोडण्याआधी दोष कुठे आहे ते बघा. अंधारात गाडी भिंतीसमोर उभी करा, लो बीम लावा, बॉनेट उघडा आणि हेडलाइटच्या घराला हातानं हलके धक्के द्या. उजेड तेवढाच राहून झोत नुसता वर-खाली उडत असेल तर विजेचा काही संबंध नाही. घर बसवण्याचा प्लॅस्टिकचा कान तुटलाय किंवा झोत जुळवायच्या स्क्रूची प्लॅस्टिक नट घसरलीय. पैसे कितीही घाला, वायरिंगनं हे बरं होणार नाही.

उजेडच कमी-जास्त होत असेल तर पुढचा प्रश्न: एकच लाइट की दोन्ही? एकाच बाजूचा असेल तर संशय त्या बाजूचा होल्डर, बल्ब आणि अर्थ (बॉडीमार्फत बॅटरीच्या मायनसला जाणारी जोडणी) यांच्यावर. बल्बची फिलामेंट तुटून टोकं एकमेकांना टेकलेली असली तर धक्क्यासरशी सुटतात आणि पुन्हा चिकटतात. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं होल्डरवर टिचकी मारून बघा, नाहीतर सरळ दोन्ही बल्ब अदलाबदल करा. दोष बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर किटची गरजच नाही. दोन्ही लाइट एकदम लुकलुकत असतील तर डिपर स्विच, फ्यूजची बैठक, मूळचा रिले किंवा सामाईक अर्थ बघा. आणि हेडलाइटबरोबर मीटरचे दिवे, आतला दिवा असं सगळंच मंदावत असेल तर आधी बॅटरीची टर्मिनलं हातानं फिरवून बघा. हातानं फिरलं म्हणजे ते ढिलंच. मग इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी तपासा.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी आणखी एक मोजमाप करावं. इंजिन चालू, लाइट चालू, होल्डर बल्बवरच. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं होल्डरच्या मागून प्लसच्या पात्याला (बल्बची पिन धरणाऱ्या धातूच्या पट्टीला) लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाटेतच खर्च होतोय. तसंच अर्थचं पातं आणि बॅटरीचं मायनस यांच्यात मोजा, इथे ०.२ व्होल्टच्या आत हवं. आकडा स्थिर राहण्यापेक्षा तो केव्हा उडतो याकडे लक्ष ठेवा. टोकं लावलेली असताना दुसऱ्याला एकेक कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) हलवायला सांगा. ज्या कपलरला आकडा उडी मारतो, चोर तिथेच.

थोड्याशा व्होल्टेजचा एवढा बाऊ का, तर हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा खूप वेगानं घटतो. दाब १० टक्के कमी झाला तर उजेड जवळपास ३० टक्के जातो. म्हणून ढिल्या जोडातला किरकोळ फरकही डोळ्याला लगेच कळतो.

आता किट. ५५ वॉटचे दोन लो बीम मिळून साधारण ९ ते १० अँपिअर ओढतात. अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा प्रवाह स्टिअरिंगखालच्या डिपर स्विचमधून जातो. तिथले काँटॅक्ट जळतात, काळे पडतात आणि खड्ड्यात सुटतात. रिले बसवला की स्विचमधून फक्त रिलेच्या आतल्या कॉइलचा प्रवाह जातो, एका रिलेला ०.१५ ते ०.२ अँपिअर. स्विचच्या दोषावर किटचा हा इलाज अगदी खरा आहे. उजेडही वाढतो. हिशेब साधा आहे: ०.७५ चौरस मिलीमीटरच्या तीन मीटर तांब्याच्या वायरीत १० अँपिअरला सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतो, तेवढ्याच लांबीच्या २.५ चौरस मिलीमीटरच्या वायरीत ०.२ च्या आसपास.

पण वायर तांब्याचीच आहे का हे बघून घ्या. टोकाचा एक तंतू ब्लेडनं खरवडा. आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते प्रवाह कमी वाहून नेतं आणि क्रिंपमध्ये (दाबून बसवलेल्या जोडात) हळूहळू ढिलं पडतं, म्हणजे ज्या दुखण्यावर औषध आणलं तेच पुन्हा घरात. थिंबलवर, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर, लोहचुंबक टेकवून पाहा. चिकटलं तर ते पितळ नाही, मुलामा दिलेलं लोखंड आहे आणि लवकर गंजणार.

सिरॅमिक होल्डर हा किटचा सगळ्यात मिरवला जाणारा भाग आणि माझ्या मते सगळ्यात कच्चा. उष्णता तो उत्तम सोसतो, प्लॅस्टिकसारखा वितळत नाही. पण बल्बला धरून ठेवतात ती आतली पाती, सिरॅमिक नव्हे. होल्डर बल्बवर चढवा, वायर हातात धरून बल्ब खाली लोंबकळू द्या आणि हलका झटका द्या, अर्थात खाली कापड धरून. बल्ब निसटला तर पाती सैल आहेत. दुसरी खोड अशी की बल्ब आत ढकलताना पातं मागे सरकतं. होल्डर बसल्यासारखा वाटतो, आत मात्र पातं नुसतं टेकलेलं असतं. एकेक वायर ओढून बघा. सरकली तर पातं बाहेर काढून त्याची लॉकची जीभ बारीक स्क्रूड्रायव्हरनं किंचित उचला आणि टक आवाज येईपर्यंत परत बसवा. हेच रिलेच्या सॉकेटलाही करा.

काही किटमध्ये सगळ्यांसाठी एकच ३० अँपिअरचा फ्यूज असतो. ६०/५५ वॉटच्या बल्बना १५ किंवा २० अँपिअर पुरतो. एक फ्यूज म्हणजे तो उडाला की धावत्या गाडीचे दोन्ही लाइट एकदम गेले. लो आणि हायला वेगळे फ्यूज असलेलं किट मिळत असेल तर तेच घ्या.

बसवण्याआधी एक तपासणी चुकवू नका. बऱ्याच जपानी घडणीच्या गाड्यांत स्विच प्लस नाही, अर्थ तोडतो. होल्डर काढा, लाइट लावा, मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला ठेवून तिन्ही पाती तपासा. लोवर एका पात्यात १२ व्होल्ट आणि हाय केल्यावर ते दुसऱ्या पात्यात गेलं, तर साधं किट चालेल. एकाच पात्यात दोन्ही वेळा १२ व्होल्ट कायम राहिले तर गाडी अर्थ तोडणारी. तिथे सामाईक पिन बॉडीला जोडणारं किट लावलं की फ्यूज उडालाच म्हणून समजा.

बसवताना बॅटरीचं मायनस आधी काढा. रिले पिना खाली येतील असे उभे लावा, म्हणजे पाणी साचत नाही. टर्मिनल ३० वर बॅटरीचा प्लस येतो, ८७ वरून बल्बला जातो, ८५ आणि ८६ कॉइलची. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. अर्थची थिंबल बॉडीच्या रंगावर कसली तर काही उपयोग नाही. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, नट कसल्यावर वरून ग्रीस लावा. नवे जोड क्रिंपच करा. नुसत्या डागाच्या (सोल्डरच्या) जोडाशेजारी वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. वायर दर वीसेक सेंटिमीटरवर बांधा, पण होल्डरजवळ थोडी सैल ठेवा, नाहीतर तिचाच ताण होल्डर ओढत राहील.

ज्या गाडीच्या फ्यूजबॉक्समध्ये हेडलाइटचे रिले मुळातच आहेत आणि वरचं मोजमाप नीट आलंय, तिथे किट घेऊ नका. जळका होल्डर तेवढा बदला. पात्यांभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल तर घासून-पुसून भागत नाही, त्या पात्यांची पकड उष्णतेनं गेलेली असते. बल्ब गेल्याची सूचना देणाऱ्या गाड्यांतही हे किट टाळा. कॉइलचा नाममात्र प्रवाह बघून गाडी बल्ब गेला असंच समजते.

राहिला रबरी बूट, म्हणजे बल्बच्या मागे पाणी अडवणारी टोपी. सिरॅमिक होल्डर काही बुटांत बसत नाही, मग लोक बूट कापतात किंवा काढूनच टाकतात आणि पहिल्या पावसात रिफ्लेक्टरवर वाफ धरते. बूट आधी बल्बच्या मागे पूर्ण बसवा, मगच होल्डर लावा. आणि बूट चढवण्याआधी बल्बची तारेची क्लिप दोन्ही बाजूंनी अडकलीय ना ते बोटानं चाचपा. एक टोक सुटं राहिलं तर बल्ब घरातच डुलतो, आणि गाडीत बसलेल्याला ते हुबेहूब लूज काँटॅक्टसारखं दिसतं.