साडेसातशेचा मल्टिमीटर, आठ महिने आणि सेल्फचं ते एकच ‘टक्’

आधी सांगते, मी इलेक्ट्रिकलची नाही. सिन्नरला एका कारखान्यात अकाउंट्स बघते आणि नाशिकरोडहून रोज स्वतः गाडी चालवत जाते. गाडी २००९ ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, बाबांकडून आलेली. म्हणून मल्टिमीटरचा, म्हणजे व्होल्ट-अँपियर मोजायच्या यंत्राचा, हा अनुभव घरात एक जुनी गाडी आणि मनात गाडीच्या वायरमनची थोडी भीती असणाऱ्यांसाठी.

नोव्हेंबरात थंडी पडली आणि सकाळी किल्ली फिरवली की बॉनेटखाली एकदाच ‘टक्’, मग शांतता. दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर कधी घ्यायची, कधी नाही. धक्का मारला की मात्र पहिल्या झटक्यात सुरू. वायरमन बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, “ताई, बॅटरी गेली.” नवी घातली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग “सेल्फचे कार्बन झिजलेत” म्हणून सेल्फ (किल्ली फिरवली की इंजिन फिरवणारी मोटार) उतरवला, आतले करंट पोचवणारे कार्बन बदलले, अठ्ठावीसशे रुपये. दहा दिवस बरे गेले आणि निफाडकडून गार वारा सुटलेल्या एका सकाळी परत ‘टक्’. त्या दिवशी दुपारी मी साडेसातशे रुपयांना साधा डिजिटल मल्टिमीटर घेतला. रागाने घेतला, असंच म्हणा.

पहिला आठवडा मी फक्त बॅटरी मोजत होते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर ती भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलीच. गाडी बंद केल्या केल्या मोजू नका, आकडा फुगलेला येतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ यायला हवेत, नाहीतर डायनामो बॅटरी चार्ज करत नाही. माझे आकडे १२.६ आणि १४.२, दोन्ही उत्तम. बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं आणि गाडी बंद! मीटर घेऊनही काय मिळालं, असं वाटायला लागलं.

मग बीपवाल्या सेटिंगवर टाकून केबल तपासल्या. सगळ्या वाजल्या. इथे मी फसले, आणि या मीटरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती ही: बीप वाजली म्हणजे तार धड आहे, असं नाही. बीपसाठी मीटर तारेतून अगदी चिमूटभर करंट सोडतो. शंभरातल्या दोन-चार तारा जोडलेल्या असल्या तरी तो खूश. सेल्फ मात्र शंभराच्या पुढे अँपियर ओढतो. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींनाच ०.२-०.३ ओहम अडथळा असतो, आणि सेल्फच्या वाटेत ०.०४ ओहमचा अडथळा आला तरी गाडीचा घात होतो. तो या मीटरवर दिसणं शक्यच नाही.

दिसतो तो व्होल्टेजमध्ये, आणि तेही सेल्फ मारत असतानाच. नवऱ्याला किल्लीवर बसवलं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, म्हणजे सेल्फ फिरलाच तरी इंजिन सुरू राहणार नाही. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (टर्मिनलच्या पट्टीवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटावर), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. नवऱ्याने किल्ली फिरवली, ‘टक्’ झालं आणि पडद्यावर आले ५.२ व्होल्ट. इथे ०.२ पेक्षा जास्त यायलाच नकोत. निगेटिव्ह आणि इंजिन ही करंटच्या एकाच वाटेची दोन टोकं; त्यांच्यात सव्वापाच व्होल्ट गळत होते आणि सेल्फला उरत होते सहा-सात. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खुंटांत ११.९ होते. तेव्हा कळलं की बॅटरी तर निवांत बसली होती, तिचा करंट वाटेतच अडत होता. बॅटरी खरंच मेलेली असती तर हाच आकडा धाडकन साडेनऊच्या खाली गेला असता.

पुढचं दहा मिनिटांचं काम. निगेटिव्ह ते बॉडी मोजलं, ०.०५. बॉडी ते इंजिन मोजलं, बाकी सगळं तिथेच. बॅटरीचा ट्रे काढल्यावर खाली बॉडीकडून गिअरबॉक्सला, म्हणजे इंजिनलाच, येणारी अर्थिंगची विणलेली तारांची पट्टी दिसली. वरून धड, पण लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी हिरवीगार, आणि बोटाने वाकवली तर निम्म्या तारा हातात आल्या. नवी पट्टी १२० रुपये, पॉलिश पेपर, दहा नंबरचा पाना, वरून थोडं व्हॅसलिन. परत मोजलं तर सेल्फ फिरताना ०.०९. थंडी संपेपर्यंत ‘टक्’ पुन्हा ऐकू आलं नाही.

एक गोष्ट उगाच मनात येते. अर्थिंग तुटलं की करंट दुसरी वाट शोधतो, आणि जुन्या गाड्यांत ती बरेचदा क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जाते; केबल तापते, आतलं आवरण वितळतं. आदल्या वर्षी माझी क्लच केबल जड झाली म्हणून बदलली होती. त्याचा आणि याचा संबंध असावा असं आता वाटतं, पण जुनी केबल कधीच भंगारात गेली.

जानेवारीत दुसरी भानगड. चार दिवस गावी जाऊन आलो तर बॅटरी ११.६. आता भीती मोडली होती. गाडी लॉक, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून ती आणि खुंट यांच्या मध्ये मीटर जोडला, १० अँपियरच्या वेगळ्या भोकात लाल वायर. सुरुवातीला आकडा मोठा येतो, गाडीतली यंत्रं झोपी जायला अर्धा तास द्या. पन्नास मिलिअँपियरच्या आत उतरायला हवा. माझा ३१० वर अडून राहिला. दिवसाला सात अँपियर-अवरच्या वर, आणि माझी बॅटरी पस्तीसची. हिशेब माझा प्रांत! एकेक फ्यूज काढत गेले, म्युझिक सिस्टिमचा काढताच २८. नंतर बाहेरून बसवलेला ॲम्प्लिफायर रात्रभर जागाच राहत होता. त्याची वायर किल्लीबरोबर बंद होणाऱ्या लाइनवर घ्यायला वायरमनकडे गेले. यावेळी त्याने बॉनेट उघडायच्या आधी काही सांगितलं नाही, उलट माझं मीटर हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

आता तक्रारी. या मापनातच मी मीटरचा एक फ्यूज उडवला: लाल वायर मिलिअँपियरच्या भोकात ठेवून दार उघडलं आणि आतले दिवे लागले. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ तर कधीच मारू नका. अँपियर मोजून झाल्यावर लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घालायला विसरलात आणि पिना बॅटरीला लावल्यात तर सरळ शॉर्ट; मी आता भोकावर चिकटपट्टी लावून ठेवते. पंधरा मिनिटांनी मीटर आपोआप बंद होतो, अर्धा तास वाट बघताना चीड येते, पण करंटची वाट तुटत नाही, नुसता पडदा परत सुरू करायचा. आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे सेल्फ मारतानाचा पहिला खोल झटका निसटतो. थोडे पैसे जास्त टाकून किमान-कमाल आकडा धरून ठेवणारा घेतला असता तर बरं झालं असतं. पिना बोथट आणि वायरी आखूड, एकट्याने इंजिन ते बॅटरी गाठायची म्हणजे कसरत.

आणि हा सगळा उपयोग ‘सेल्फ घेत नाही’ याच आजारात. सेल्फ झकास फिरतोय पण गाडी पकडत नाही, तेव्हा प्रश्न पेट्रोलचा किंवा स्पार्कचा. किल्ली ऑन करून मागच्या सीटखाली पंपाची दोन सेकंदांची घूंऽ ऐकू येते का, हे कानच सांगतात. बॅटरीत दम किती उरलाय हेही मीटर नीट सांगत नाही. उभी असताना १२.५ दाखवणारी म्हातारी बॅटरी लोड पडताच बसू शकते, त्याला दुकानातला लोड टेस्टरच हवा.

जूनच्या अखेरीस, पावसात, सकाळी सहज मोजलं तर बंद गाडीची बॅटरी १३.४! तासभर डोकं खाजवलं, नवऱ्याने गूगल केलं, शेजारच्या स्कूटरची बॅटरी मोजली तर तीही जास्तच. मीटरच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली होती, आणि ती उतरली की हे मीटर सगळ्यांनाच आकडे वाढवून देतं. कोपऱ्यातलं बॅटरीचं बारीक चिन्ह मी आठवडाभर डाग समजत होते. नवी घातली. गाडीची १२.५८.